छताखाली फोन नेमका कुठे आहे? ब्लूटूथ बीकन आणि इतर पर्यायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटल, गोदाम, कॉलेज, मॉल अशा ठिकाणी 'इमारतीच्या आत माणूस किंवा वस्तू कुठे आहे ते मोबाईलवर दिसलं पाहिजे' अशी मागणी घेऊन येणारे लोक, आणि त्याच विषयावर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, फिरून फिरून जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण घोळही तिथेच होतो.

फोनमध्ये जीपीएस असताना वेगळ्या यंत्रणेची गरजच काय?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत येतो तेव्हा आधीच अतिशय क्षीण झालेला असतो, त्यात वर सळयांनी भरलेला आरसीसीचा स्लॅब. खिडकीशी उभं राहिलात तर काहीतरी स्थान मिळतं, पण तो सिग्नल बऱ्याचदा समोरच्या इमारतीवर आपटून आलेला असतो. म्हणून नकाशावरचा निळा ठिपका तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवतो. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या फलाटावर तर उपग्रहाचा प्रश्नच येत नाही.

मॉलमध्ये जीपीएस चालतं असं वाटतं, तेव्हा फोन बहुतेक वेळा आसपासचे वाय-फाय आणि मोबाईल टॉवर पाहून अंदाज बांधत असतो. ठिपक्याभोवती जो मोठा फिकट गोल दिसतो तो या अंदाजाचा आवाका. तो गोल अख्खी इमारत व्यापत असेल तर ठिपका कुठे आहे याला अर्थ नाही.

बीकन म्हणजे काय? तो माझ्या फोनशी बोलतो का?

नाही. बीकन फक्त ओरडतो, ऐकत नाही. काडेपेटीएवढी डबी, आत ब्लूटूथची चिप आणि एक गोल बॅटरी. ठरावीक वेळाने तो आपला नंबर हवेत सोडतो, बस.

ॲपलने २०१३ मध्ये आणलेल्या आयबीकन पद्धतीत हा नंबर तीन भागांत असतो. १६ बाइट्सची संस्थेची ओळख, २ बाइट्सचा 'मेजर' आणि २ बाइट्सचा 'मायनर'. साधारणपणे मेजर म्हणजे इमारत किंवा मजला आणि मायनर म्हणजे तो विशिष्ट बीकन, अशी वाटणी करतात. शेवटी आणखी एक बाइट येतो: एक मीटरवर हा बीकन किती जोरात ऐकू येतो ते.

यात जागेचा कुठेही उल्लेख नाही, हे नीट लक्षात घ्या. 'मायनर ४१२ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक्स-रे खोली' ही माहिती बीकनमध्ये नसते, ॲपच्या तक्त्यात असते. रंगकाम करताना पेंटरने बीकन काढून शेजारच्या खोलीत चिकटवला, तर यंत्रणा पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची खोली दाखवेल आणि कुठेही लाल दिवा लागणार नाही.

तांत्रिक माहिती हवी असणाऱ्यांसाठी: नंबर हवेत सोडण्याची ही क्रिया (ब्लूटूथच्या भाषेत 'जाहिरात') ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनलवर होते, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर. वाय-फायचे नेहमीचे १, ६ आणि ११ हे चॅनल टाळून या जागा निवडलेल्या आहेत.

मग फोनला अंतर कसं कळतं?

खरं सांगायचं तर कळत नाही. फोनला फक्त सिग्नल किती जोरात आला ते कळतं. त्या आकड्याला आरएसएसआय म्हणतात आणि तो डीबीएम या एककात मोजतात. आकडा उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. मोकळ्या मैदानात हिशोब सरळ आहे: अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी. एक मीटरवर उणे ५९ मिळत असेल तर दोन मीटरवर उणे ६५, चारवर उणे ७१, आठवर उणे ७७.

आता हेच एखाद्या ओपीडीत करून पाहा. फोन टेबलावर ठेवा आणि आकडे बघत बसा. उणे ६४, उणे ७१, उणे ६२, उणे ७८. कोणीही हललेलं नाही, बीकन तोच, अंतर तेच. सिग्नल भिंत, फरशी, लोखंडी कपाट या सगळ्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो. या लाटा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना खातात. २.४ गिगाहर्ट्झला लाटेची लांबी साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी चित्र बदलतं. शिवाय फोन आणि बीकन यांच्या मध्ये माणूस आला की शरीरातलं पाणी सिग्नल शोषतं. नुसत्या १० डीबीची घट म्हणजे हिशोबात अंतर तिपटीहून जास्त. तीन मीटरवरची नर्स फक्त पाठमोरी वळली म्हणून यंत्रणेला साडेनऊ मीटरवर दिसते.

शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून कुकर कोणाकडे लागलाय ते बरोबर ओळखता येतं, पण तो किती फुटांवर आहे हे कोणी सांगत नाही. बीकनकडूनही तेवढंच मागावं.

तीन बीकनची तीन अंतरं, तीन वर्तुळं, आणि ती जिथे छेदतात ती जागा. एवढं सोपं आहे ना?

इंजिनिअरिंगच्या निम्म्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही आकृती असते. कागदावर ती बरोबरच आहे. इमारतीत मात्र अंतरंच चुकीची, म्हणून वर्तुळं एका बिंदूत छेदत नाहीत. कधी तीनही एकमेकांपासून लांब राहतात, कधी एवढी एकमेकांवर चढतात की मधल्या भागात अर्धा वॉर्ड मावतो.

म्हणून दुसरा मार्ग वापरतात, फिंगरप्रिंटिंगचा. आधी इमारतभर फिरून प्रत्येक जागी कोणता सिग्नल किती जोरात येतो याची नोंद करायची. पुढे फोनला मिळालेले आकडे या नोंदींशी ताडून सगळ्यात जवळची जागा शोधायची. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी 'रडार' नावाच्या प्रणालीत २००० साली वाय-फायवर हे करून दाखवलं आणि दोन ते तीन मीटरची अचूकता मिळवली. आज पंचवीस वर्षांनंतरही नुसत्या सिग्नलच्या जोरावर यापेक्षा फार पुढे कोणी गेलेलं नाही, हे विक्रेत्याचं माहितीपत्रक वाचताना आठवावं.

फिंगरप्रिंटिंगची खोट अशी की नोंदी शिळ्या होतात. कपाटं हलली, नवीन पार्टिशन आलं, वाय-फायचा डबा बदलला की पुन्हा फिरणं आलं.

यावर हालचालीचा हिशोब चढवता येतो. माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो, भिंतीतून जात नाही, आणि फोनमधला ॲक्सिलरोमीटर पावलं मोजतो. या तीन गोष्टी गणितात घातल्या की ठिपक्याच्या उड्या थांबतात. ठिपका स्थिर दिसतो म्हणजे तो बरोबर आहे असं मात्र नाही.

अचूकता किती मीटर मिळेल?

हा प्रश्न सगळेच विचारतात. आकडे हवे असतील तर: ब्लूटूथच्या नुसत्या सिग्नलवर, नीट बसवलेल्या यंत्रणेत, ३ ते ५ मीटर. वाय-फायच्या सिग्नलला जायला-यायला लागणारी वेळ मोजणाऱ्या पद्धतीत १ ते २ मीटर. ब्लूटूथ ५.१ मध्ये, २०१९ साली, सिग्नल कोणत्या दिशेने आला हे ओळखायची सोय आली. तिच्यासाठी छतावर अँटेनांची खास पाटी लागते आणि मग मीटरच्या आत येता येतं. अल्ट्रावाइडबँड या वेगळ्या रेडिओ पद्धतीत (तिच्याबद्दल पुढे आहे) १० ते ३० सेंटीमीटर.

पण मीटर ही मोजपट्टीच बऱ्याच कामांना गैरलागू आहे. मोठ्या हॉलमध्ये चार मीटरची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच पातळ भिंतीपलीकडे दीड मीटरची चूक झाली की पुरुषांच्या वॉर्डातलं व्हेंटिलेटर स्त्रियांच्या वॉर्डात दिसतं आणि वॉर्डबॉय भलत्याच खोलीत शोधत बसतो. म्हणून 'किती मीटर' ऐवजी 'दहापैकी किती वेळा खोली बरोबर येते आणि किती वेळा मजला बरोबर येतो' असं विचारा. दहातल्या दहा वेळा खोली बरोबर सांगणारी साधी यंत्रणा कामाची. अर्ध्या मीटरचा दावा करून अधूनमधून मजला चुकवणारी महागडी यंत्रणा आठवड्याभरात कोणी उघडत नाही.

हे काही नवं शहाणपण नाही. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास 'ॲक्टिव्ह बॅज' होता: कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडचा संकेत सोडायचा आणि खोलीतला सेन्सर तो टिपायचा. उद्देश एवढाच की आलेला फोन त्या माणसाच्या जवळच्या टेलिफोनवर जोडून देता यावा. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, त्यामुळे कोणतंही गणित न करता खोली ओळखता यायची. आजही काही हॉस्पिटल यंत्रणा रेडिओच्या जोडीला इन्फ्रारेड ठेवतात ते याचसाठी.

लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१७ मध्ये दोन टर्मिनलमध्ये मिळून सुमारे २,००० बीकन बसवले. तिथे सांगितलेली अचूकता तीन मीटर होती. गेट शोधणाऱ्या प्रवाशाला तेवढी पुरते.

अल्ट्रावाइडबँड एवढं अचूक आहे, तर सगळीकडे तेच का बसवत नाहीत?

ते सिग्नलचा जोर मोजत नाही, वेळ मोजतं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते. सुमारे ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचे अतिशय छोटे स्पंद वापरले की सरळ आलेली लहर आणि भिंतीवर आपटून उशिरा आलेली लहर वेगळी ओळखता येते. पहिली आली ती खरी, बाकीच्या सोडून द्यायच्या. ब्लूटूथला जो त्रास होतो त्यातला बराचसा इथे मुळातच टळतो.

अडचण खर्चाची आणि फोनची. भिंतींवर लावायचे अँकर बीकनपेक्षा महाग, त्यांना वीज आणि बहुतेकदा केबल लागते. आयफोनमध्ये ही चिप २०१९ च्या आयफोन ११ पासून आली, अँड्रॉइडमध्ये ती वरच्या किमतीच्या मोजक्या मॉडेलांत सापडते. तुमच्या ओपीडीत रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या हातातल्या फोनमध्ये ती नसेल. कारखान्यात फोर्कलिफ्ट आणि माणसं यांची टक्कर टाळायची असेल, माणसांवर आणि गाड्यांवर लावायचे टॅग (सिग्नल सोडणारे बिल्ले) तुम्हीच देणार असाल, तर मात्र हाच पर्याय घ्या. तिथे ब्लूटूथवर विसंबू नका.

इमारतभर वाय-फाय आहेच. त्यावर भागणार नाही का?

अर्धवट भागतं. वाय-फायचे डबे इंटरनेट पोचावं म्हणून लावलेले असतात, स्थान कळावं म्हणून नाही. कॉरिडॉरच्या छताला एका ओळीत. असे सगळे एका रेषेत असले की माणूस कॉरिडॉरच्या डावीकडच्या खोलीत आहे की उजवीकडच्या, हे ओळखायला काही आधारच उरत नाही. फोनच्याही अटी आहेत. आयफोन इतर ॲपना आसपासच्या वाय-फायची यादी देत नाही. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲपही दोन मिनिटांत चारपेक्षा जास्त वेळा स्कॅन करू शकत नाही. त्याच अँड्रॉइड ९ मध्ये, २०१८ साली, सिग्नलच्या जाण्यायेण्याची वेळ मोजायची सोय आली, पण ती फोन आणि वाय-फायचा डबा अशा दोघांतही असावी लागते.

मजला कसा ओळखायचा?

फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर मदत होते. दर मीटर चढल्यावर दाब ०.१२ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला ०.३६. पण आपल्याकडे दाब दिवसभरात आपोआपच दोन-तीन हेक्टोपास्कल वरखाली होत असतो, म्हणून इमारतीत एक स्थिर सेन्सर ठेवून त्याच्याशी तुलना करावी लागते. शिवाय स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर नसतोच.

साधा उपाय जास्त चालतो: प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक बीकन. माणूस मजला बदलतो तो तिथूनच. मधे मोकळा चौक असलेल्या इमारतीत मात्र सांभाळा. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरचा बीकन खालच्या स्वागतकक्षात तिथल्या बीकनपेक्षाही स्वच्छ ऐकू येतो. असे बीकन कठड्यावरून काढून आत, खांबाआड न्यावेत आणि त्यांची ताकद कमी करावी.

बीकन बसवताना काय काळजी घ्यायची?

डोक्याच्या वर, अडीच ते तीन मीटरवर लावा म्हणजे माणसांची गर्दी मधे कमी येते. एसीच्या डक्टवर, पत्र्यावर, लोखंडी गर्डरवर नको. फॉल्स सीलिंगच्या वर लपवायचा मोह आर्किटेक्टला हमखास होतो; टाइल्सना वरून फॉइल असेल तर ती डबी तिथे असून नसल्यासारखी. कॉरिडॉरमध्ये एकाच भिंतीवर रांगेने न लावता आलटून-पालटून दोन्ही भिंतींवर, सहा ते दहा मीटरच्या अंतराने लावा. खोली ओळखायची असेल तर बीकन खोलीच्या आत, दारापासून लांबच्या भिंतीवर.

गोदामाची तऱ्हा वेगळी. भिवंडीसारख्या ठिकाणच्या पत्र्याच्या शेडमध्ये रॅक रिकामे असताना सर्व्हे केला आणि सणासुदीला माल भरला, की सगळे आकडे फिरतात. पाण्याच्या बाटल्या, सलाईनचे खोके, तेलाचे डबे हे सिग्नलचे खास वैरी. सर्व्हे भरलेल्या गोदामात करा, नाहीतर दोनदा करा.

आणि चिकटवण्याबद्दल: पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर दुतर्फी टेप टिकत नाही. चुन्याच्या पोपड्यासकट डबी खाली येते, झाडूवाल्या मावशी ती उचलून टेबलावर ठेवतात, आणि नकाशा खोटा बोलायला लागतो. स्क्रू मारा. प्रत्येक डबीवर नंबर लिहा आणि लावल्यावर फोटो काढा.

बीकनची बॅटरी किती चालते?

तो किती वेळा ओरडतो यावर. सीआर२०३२ या बटण बॅटरीत साधारण २२० मिलीअँपिअर-तास असतात. आयबीकनच्या नियमाप्रमाणे दर १०० मिलीसेकंदाला ओरडायला लावलं तर एक ते तीन महिने. सेकंदातून एकदा, तर साधारण वर्षभर किंवा जास्त. मोठ्या सीआर२४७७ मध्ये चार-पाचपट साठा असतो. विक्रेता 'पाच वर्षं' म्हणाला तर ती कोणत्या अंतराने आणि कोणत्या ताकदीवर, ते लिहून घ्या. दोनशे डब्यांच्या बॅटऱ्या शिडी घेऊन बदलणं हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत असायला हवं, नाहीतर यंत्रणा हळूहळू गळत जाते.

ब्लूटूथच वापरायचं आहे, मग ॲप लोकेशनची परवानगी का मागतं?

कारण आसपासच्या बीकनची यादी म्हणजेच तुमचा पत्ता. 'हा बीकन कर्करोग विभागाच्या दाराशी आहे' एवढं ज्याला माहीत आहे त्याला जीपीएसची गरज नाही. म्हणून अँड्रॉइड ६ पासून ब्लूटूथ स्कॅनसाठीही लोकेशनची परवानगी लागू झाली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली, पण स्कॅनमधून स्थान काढणार असेल तर ॲपला लोकेशन मागावंच लागतं. आयफोनवरही बीकनसाठी ते लागतं. इथे मागणी रास्त आहे. टॉर्चच्या ॲपने मागितली तर नाही म्हणा.

म्हणजे माझ्यावर पाळत ठेवता येते का?

बीकन पाळत ठेवत नाही, त्याला तुम्ही असल्याचंही माहीत नसतं. पाळत ठेवू शकतं ते ॲप, आणि त्यामागचा सर्व्हर. उलटी मांडणीही असते: भिंतींवर रिसीव्हर आणि तुमच्या गळ्यात टॅग. फोनला असं पकडणं आता अवघड आहे, कारण फोन आपला ब्लूटूथचा पत्ता साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलतो. टॅगचा नंबर बदलत नाही.

म्हणून माझं मत: सुरुवात वस्तूंपासून करा. व्हीलचेअर, इन्फ्युजन पंप, ईसीजी मशीन. नर्सेसच्या गळ्यात टॅग अडकवून कामाला सुरुवात करणाऱ्या संस्थेत ते टॅग दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये सापडतात, आणि त्यात नर्सेसचं काही चुकत नाही. माणसांची नोंद ठेवायचीच असेल तर कशासाठी, किती दिवस, कोण पाहणार हे आधी लेखी सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तिकडेच आहे.

कोणी गुपचूप पर्समध्ये ट्रॅकर टाकला तर? मे २०२४ पासून ॲपल आणि गुगल या दोघांच्याही फोनवर, अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरत असेल तर सूचना येते, तो दुसऱ्या कंपनीच्या फोनला जोडलेला असला तरी. ती सूचना झटकून टाकू नका.

ब्लूटूथ ६ ची उपकरणं येतायत, तोवर थांबावं का?

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये 'चॅनल साउंडिंग' आहे. दोन उपकरणं बऱ्याच चॅनलवर एकमेकांना संकेत देतात आणि लहरीच्या कलेतल्या (फेजमधल्या) फरकावरून अंतर काढतात, म्हणजे जोराच्या अंदाजावर विसंबणं संपतं. चांगली गोष्ट आहे. पण दोन्ही बाजूंना नवीन चिप लागते. खोली ओळखण्यापुरतं काम असेल तर थांबू नका.

कॉलेज प्रोजेक्टसाठी सुरुवात कुठून करू?

दोन-तीन ईएसपी३२ बोर्ड (ब्लूटूथ आणि वाय-फाय असलेले छोटे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड), एक बीकन आणि आपला वर्ग. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा) घ्या, एखादा वेडावाकडा आकडा त्याला फारसा हलवत नाही. नोंदी एका दिवशी घ्या आणि चाचणी दुसऱ्या दिवशी, वर्गात मुलं बसलेली असताना. त्याच दिवसाच्या त्याच नोंदींवर चाचणी घेतली की ९८ टक्के येतात आणि परीक्षक हसतात. 'सरासरी चूक' एवढंच न लिहिता दहापैकी नऊ वेळा चूक कितीच्या आत राहिली तेही लिहा.

विक्रेत्याचा डेमो घेताना काय पाहावं?

डेमो त्यांच्या ऑफिसात नको, आपल्या इमारतीत. खोल्या आपण निवडायच्या, आणि त्यात एकमेकींना लागून असलेल्या दोन आणि एकावर एक असलेल्या दोन असल्या पाहिजेत. फोन आपल्या कर्मचाऱ्याचा, जो असेल तो, आणि तो खिशात ठेवून चालायचं, हातात उंच धरून नाही. एक बीकन मुद्दाम बंद करायला सांगा आणि तो बंद पडल्याचं यंत्रणेला किती वेळाने कळतं ते पाहा. वेळ सकाळी आठची, रिकाम्या ओपीडीतली देतील, ती घेऊ नका. अकराला बोलवा, रांग दाराबाहेर गेलेली असते तेव्हा.